शाळेत नशेची केस आली तर काय करायचं: नव्याने जबाबदारी अंगावर पडलेल्या शिक्षकांसाठी

सरकारी शाळेत "व्यसनमुक्तीचं तुम्ही बघा" असं म्हणून हे काम कोणाच्या तरी गळ्यात पडतं तेव्हा सोबत सहसा एक परिपत्रक आणि पोस्टर स्पर्धेची सूचना एवढंच मिळतं. मग एक दिवस खरंच कोणाच्या तरी दप्तरात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडतं, किंवा मधल्या सुट्टीनंतर एखादं पोरगं झुलत झुलत वर्गात येतं आणि सगळा स्टाफ तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. मी हे काम बरीच वर्षं करतेय, सरकारी शाळेतच, काउन्सेलर कधी असतो कधी नसतो अशा परिस्थितीत, त्यामुळे जे सांगतेय ते मोठ्या खर्चाशिवाय जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तपास करायला पोलीस आहेत, उपचार करायला डॉक्टर आहेत. शाळेने दोनच कामं करायची, मुलाचा जीव सांभाळायचा आणि त्याला शाळेत टिकवून योग्य माणसापर्यंत पोचवायचं. नाव काढून टाकलं की शाळेची डोकेदुखी संपते हे खरं, पण ते पोरगं दिवसभर मोकळं होतं आणि जाऊन बसतं कुठे, तर ज्यांच्याकडून माल मिळतो त्यांच्यातच.

आधी हे जमवून ठेवा:

- शाळेचं लेखी धोरण, एक-दोन पानांचंच पण मुख्याध्यापकांच्या सहीचं
- घटना नोंदीचा छापील फॉर्म (तारीख, वेळ, काय दिसलं, कोणी बघितलं, काय केलं)
- प्रत्येक मुलाच्या पालकांचे चालू असलेले फोन नंबर, शिवाय पालक नसतील तर कोणाला बोलवायचं त्याचं नाव
- मुलांची आरोग्य माहिती: मधुमेह, फिट येणं, चालू औषधं, ॲलर्जी
- ॲम्ब्युलन्स, जवळचं सरकारी हॉस्पिटल, बालसंरक्षण यंत्रणा आणि व्यसनमुक्ती हेल्पलाईन, सगळे नंबर एका कागदावर आणि तो कागद ऑफिसच्या भिंतीवर
- कुलूप लागेल असं एक कपाट, ज्याची किल्ली दोघांकडेच
- हातमोजे, जाड पाकिटं, टेप, मार्कर

फोन नंबर चालू आहेत का हे वर्षातून दोनदा तरी तपासा. नेमक्या वेळी "हा क्रमांक अस्तित्वात नाही" ऐकू आलं की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

१. केस यायच्या आधी नियम कागदावर आणा

पहिली केस आल्यावर नियम ठरवायला बसलात तर नियम त्या मुलाच्या तोंडाकडे बघून ठरतो. हुशार मुलगा असेल तर "पोरवय आहे, जाऊ द्या" आणि आधीच डोळ्यात खुपणारा असेल तर "दाखला द्या हातात". हे टाळायचं असेल तर शांत असताना लिहून काढा.

धोरणात चार गोष्टी वेगळ्या लिहा: जवळ बाळगणं, वापरणं, नशेत शाळेत येणं आणि दुसऱ्याला देणं किंवा विकणं. या चारही गोष्टींना एकच शिक्षा लावली की गोंधळ सुरू झालाच म्हणून समजा. विकण्यातसुद्धा फरक असतो, मित्राला एक झुरका देणारा आणि बाहेरच्या मोठ्या माणसासाठी शाळेत पुड्या पोचवणारा सारखे नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारात ते मूल स्वतःच कोणाच्या तरी कचाट्यात सापडलेलं असण्याची शक्यता फार असते, म्हणून तिथे बालसंरक्षण यंत्रणा आधी आठवली पाहिजे.

कोणी काय करायचं हेही नावानिशी नको, पदानिशी लिहा, कारण बदल्या होतात. तिघांची टीम पुरते: मुख्याध्यापक, तुम्ही, आणि आरोग्य किंवा समुपदेशनातलं एक माणूस. बाकी स्टाफने फक्त कळवायचं, स्वतः चौकशी सुरू करायची नाही.

तुमच्या भागातला कायदा काय म्हणतो ते आधी वाचून घ्या, विशेषतः पोलिसांना कळवणं कधी बंधनकारक आहे, दप्तर तपासायचा अधिकार कोणाला आहे, आणि सक्तीचं शिक्षण सुरू असलेल्या मुलाला काढता येतं का. कायदे देशोदेशी वेगळे असले तरी पाया एकच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३३ व्या कलमात मुलांना अमली पदार्थांपासून संरक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय, २८ व्या कलमात शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का न लावता राखायची असं म्हटलंय, आणि १६ वं कलम खाजगीपणाचं. धोरण लिहिताना ही तीन कलमं समोर ठेवली तर फारसं चुकत नाही.

धोरण झालं की मुलांना आणि पालकांना वाचून दाखवा. कपाटात ठेवलेलं धोरण कोणाच्या उपयोगाचं?

२. कशाची नशा आहे ते माहीत करून घ्या

मोठ्यांच्या डोक्यात नशा म्हटलं की सिनेमातली पांढरी पावडर येते. शाळेच्या वयात सुरुवात होते ती बहुतेक वेळा घरात किंवा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंनी: तंबाखू, ई-सिगारेट, दारू, त्यानंतर गांजा. आणि लहान वयात हुंगायच्या वस्तू, म्हणजे थिनर, व्हाईटनर, डिंकासारखी रसायनं, पेट्रोल, स्प्रे. या स्वस्त असतात, कुठेही मिळतात आणि जवळ सापडल्या तरी "चित्रकलेसाठी आणलंय मॅडम" म्हणता येतं. घरातल्या गोळ्याही धरा, झोपेच्या, वेदनेच्या, खोकल्याचं औषध, आणि एकाग्रतेसाठी एखाद्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी जी परीक्षेच्या काळात वर्गात हातोहात फिरते.

वेपचं एक सांगते कारण बऱ्याच शिक्षकांना ते समोर ठेवलं तरी ओळखू येत नाही. ते पेन ड्राईव्हसारखं, हायलायटरसारखं दिसू शकतं, धूर राहत नाही, वास गोड असतो आणि दोन मिनिटांत विरतो. बाथरूममध्ये च्युइंगमसारखा किंवा फळाचा वास वारंवार येत असेल तर ते रूम फ्रेशनर नाही.

३. लक्षणं बघा, निदान करू नका

लाल डोळे, सुस्ती, अचानक घसरलेले मार्क, नवे मित्र, पैशांची चणचण, मन नसणं. अशा याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या वाचून वर्गाकडे बघितलं तर अर्धा वर्ग संशयित वाटायला लागतो! यातलं प्रत्येक लक्षण घरात भांडणं, रात्री काम करणं, नैराश्य, ॲलर्जी किंवा नुसती किशोरावस्था यानेही येतं. म्हणून एक लक्षण म्हणजे काहीच नाही. आधीच्या मुलात आणि आत्ताच्या मुलात झालेला बदल आणि तो किती दिवस टिकतोय, हे बघा.

काही खुणा मात्र जास्त नेमक्या असतात. ओठ-नाकाभोवती पुरळ, कपड्यांना रसायनाचा वास, बाहीवर पांढरे डाग, दप्तरात रसायनाने भिजलेला रुमाल, हे सगळं एकत्र दिसलं तर हुंगण्याचा विचार करा.

आणि नोंद करताना जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच. "गांजा पिऊन आला होता" हे तुमचं मत झालं, "डोळे लाल, बोलणं अडखळत, प्रश्नाला उशिरा उत्तर, वेळ ११.४०" ही नोंद झाली. पुढे कोणी आव्हान दिलं तर दुसरं वाक्य टिकतं, पहिलं तुम्हाला तोंडघशी पाडतं.

४. मूल नशेत असेल तर पहिली काही मिनिटं

इथे शिस्त, चौकशी, पालक, सगळं बाजूला. ही मेडिकल इमर्जन्सी समजा.

त्याला एकटं सोडू नका, "जा तोंड धुऊन ये" तर अजिबात नाही. बाकी मुलांना बाहेर काढा. शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय, ओठ निळे पडलेत का ते बघा. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर एका कुशीवर झोपवा म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास अगदी संथ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि हाक मारून हलवूनही प्रतिसाद नाही, असं दिसलं तर अफूवर्गीय पदार्थाचा किंवा गोळ्यांचा ओव्हरडोस असू शकतो, आधी ॲम्ब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन (अफूवर्गीय पदार्थाचा परिणाम उलटवणारं औषध) उपलब्ध असेल आणि वापरायचं प्रशिक्षण असेल तर ते द्या. श्वास थांबला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न. बोटं घालून उलटी करवणं, कडक कॉफी पाजणं, गार पाण्याखाली धरणं, यातलं काहीही करू नका, यातल्या एकानेही नशा उतरत नाही आणि धोका वाढतो.

हुंगणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट पाठच करून ठेवा. त्याच्यावर ओरडू नका, मागे धावू नका, घाबरवू नका. ही रसायनं हृदयाला ॲड्रेनलिनसाठी, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या रसायनासाठी, नको इतकं संवेदनशील करतात, आणि अशा वेळी अचानक भीती वाटली किंवा पळापळ झाली तर हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू होऊ शकतो, अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्याचासुद्धा. त्यामुळे जिन्याखाली हातात रुमाल घेतलेला मुलगा दिसला की "पकडा त्याला" अशी आरोळी ठोकणारा शिक्षक त्याच्या जिवाशी खेळत असतो. हळू जवळ जायचं, शांत आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत आणून बसवायचं.

दुसरा सापळा मधुमेहाचा. रक्तातली साखर एकदम खाली गेली की मूल अडखळतं, घामाघूम होतं, चिडतं, असंबद्ध बोलतं, म्हणजे थेट दारू प्यायल्यासारखं दिसतं. डोक्याला मार लागल्यावर आणि फिट येऊन गेल्यावरही असंच. म्हणून आरोग्य माहितीची फाईल हाताशी हवी म्हटलं. नक्की माहीत नसेल तर डॉक्टर, वाद नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना जे माहीत असेल ते सगळं सांगा, काय घेतलं, किती, कधी, आणि रिकामी पाकिटं सोबत द्या. शाळेची बदनामी होईल म्हणून इथे माहिती लपवणारे लोक मी बघितलेत, त्यावर न बोललेलंच बरं.

५. वस्तू सापडली तर

दोन मोठी माणसं हजर असताना, हातमोजे घालून, पाकिटात, पाकीट चिकटवून त्यावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. मग कुलपात, आणि कायद्यात असेल त्याप्रमाणे लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात. वास घेऊन किंवा चाखून बघू नका, टॉयलेटमध्ये ओतू नका, आणि ड्रॉवरमध्ये "नंतर बघू" म्हणून ठेवू नका, कारण तेव्हा ती वस्तू कायद्याच्या नजरेत तुमच्याजवळ असते. सुई असेल तर हाताने उचलू नका, टोपण घालायला जाऊ नका, बरणीसारख्या टणक भांड्यात ढकला.

सगळ्या वर्गाची दप्तरं ओतून तपासणी करायचा मोह होतो. यातून सहसा हाती लागतं ते कोणाची तरी चिठ्ठी, कोणाचं तरी सॅनिटरी पॅड आणि सगळ्या वर्गाचा राग. चोर सोडून संन्याशाला फाशी. ठोस कारण असेल, कायदा परवानगी देत असेल तरच, एकाच मुलाची, खाजगीत, साक्षीदारासह. अंगझडती शिक्षकांनी घ्यायचीच नाही असं मी तरी मानते.

६. मुलाशी बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि नशेत असताना बोलू नका, दुसऱ्या दिवशी बोला.

जागा अशी की बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही. टेबलाच्या पलीकडे बसू नका. चार शिक्षक मिळून एका मुलाला बोलावणं ही चौकशी होते आणि चौकशीत मुलं खोटंच बोलतात, आपणही बोललो असतो.

सुरुवात आरोपाने करू नका, जे दिसलं त्याने करा. साधारण असं:

"गेल्या आठवड्यापासून तू तिसऱ्या तासाला झोपतोस, काल खेळायलाही आला नाहीस. काळजी वाटली म्हणून बोलावलं."

"काही नाही मॅडम, झोप झाली नव्हती."

"बरं. झोप का होत नाहीये?"

आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, शिक्षक आहोत, लगेच उपदेश सुरू. माझ्याकडच्या एका नववीतल्या मुलाने या गप्प बसण्यातच सांगितलं की घरात रात्री आरडाओरडा असतो म्हणून तो आजीच्या झोपेच्या गोळ्यांतली एक घेतो, आधी अर्धी घ्यायचा, आता एकीने भागत नाही. त्याला आम्ही सगळे आळशी समजत होतो.

"मी कोणालाच सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगा: "तू सांगशील ते मी स्टाफरूममध्ये चघळणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी तुला कळवीन." मुलं हे ऐकून गप्प होतील असं वाटतं पण बहुतेक होत नाहीत, उलट या बाईंचं काहीतरी ठरलेलं आहे असं त्यांना कळतं.

एक प्रश्न फार कामाचा आहे. "सोडायचं किती मनात आहे, शून्य ते दहा?" मूल म्हणतं तीन. तेव्हा "फक्त तीन?" असं म्हणू नका. विचारा, "तीन का, एक का नाही?" मग मूल स्वतःच कारणं सांगायला लागतं, धाप लागते, आईला कळलं तर, पैसे जातात. ती कारणं त्याची स्वतःची असतात म्हणून तुमच्या भाषणापेक्षा जास्त चिकटतात.

प्रशिक्षण घेतलेलं कोणी असेल तर क्राफ्ट (CRAFFT) नावाची सहा प्रश्नांची तपासणी वापरता येते, १२ ते २१ वयासाठी बनवलेली आहे. नशेत असलेल्याच्या गाडीत बसलास का, किंवा स्वतः तशी गाडी चालवलीस का, मन हलकं करायला घेतोस का, एकटा असताना घेतोस का, केलेलं विसरतोस का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त उत्तरं हो आली तर सविस्तर तपासणीला पाठवायचं. हे निदान नाही, आणि पालक शेजारी बसवून तर विचारूच नका, खरं उत्तर येणार नाही.

बोलता बोलता मार लागल्याच्या, अत्याचाराच्या किंवा जीव द्यायच्या विचारांच्या खुणा दिसल्या तर हा लेख तिथेच बंद करा आणि बालसंरक्षणाची प्रक्रिया सुरू करा. त्याच दिवशी.

७. पालकांना बोलावणं

फोनवर "तुमचा मुलगा नशा करतो" असं सांगू नका. "तो सुरक्षित आहे, त्याच्या तब्येतीबद्दल बोलायचंय, आज येऊ शकाल का" एवढंच. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांना कामाच्या वेळेत बोलावलं की त्यांचा दिवस बुडतो आणि तो राग मुलावर निघतो, म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवा.

आधी स्वतःला विचारा की घरी सांगितल्यावर या मुलाला मारहाण होईल का, किंवा नशेचा पदार्थ घरातूनच येतोय का. असं वाटत असेल तर बालसंरक्षणवाल्यांशी बोलल्याशिवाय पालकांना बोलावू नका.

आलेले पालक तीन प्रकारे वागतात: "आमचा असा नाहीच", "मारा त्याला, हाडं मोडा, आमची परवानगी आहे", किंवा नुसतं रडतात. तिघांनाही तेच सांगायचं, काय दिसलं, आता काय करतोय, पुढची तारीख कुठली. संगत कोणाची यावर चर्चा गेली की दुसऱ्याच्या मुलाचं नाव निघतं, तिथे विषय थांबवा. आणि घरातल्या गोळ्या, दारू कुलपात ठेवायला सांगा, हा सल्ला इतका साधा आहे की कोणी देतच नाही.

८. पुढे पाठवणं

रेफर करणं म्हणजे चिठ्ठी हातात देणं नव्हे. चिठ्ठी घेऊन जाणारी मुलं वाटेत गळतात. तिथल्या माणसाला आधी फोन करा, वेळ घ्या, शक्य असेल तर पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जा, आणि ठरलेल्या दिवसानंतर "गेला होतास का" असं विचारा.

प्रत्येकाला व्यसनमुक्ती केंद्राची गरज नसते. दोन-चार वेळा करून बघितलेल्याला शाळेतलं बोलणं आणि पाठपुरावा बऱ्याचदा पुरतो. नियमित वापर असेल, एकटा घेत असेल, न घेतल्यावर त्रास होत असेल तर डॉक्टर हवाच. दारू आणि झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तो नववीतला मुलगा "मॅडम आजपासून शपथ, बंद" म्हणाला तेव्हा त्याला शाबासकी देण्याआधी डॉक्टरकडे नेणं जास्त गरजेचं होतं. जे डोस कमी करायचे ते डॉक्टर कमी करतात.

कोंडून ठेवणारी, मारणारी, "सहा महिने भेटायचं नाही" म्हणणारी केंद्रं टाळा. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, अठरा वर्षांखालच्यांची वेगळी सोय आहे का, शिक्षण चालू राहतं का, हे चार प्रश्न विचारा, उत्तर देताना चिडले तर तिथेच उत्तर मिळालं.

९. लघवीच्या टेस्टचं खूळ

दर वर्षी कोणीतरी सुचवतं की सगळ्यांची टेस्ट करून टाकू. ऐकायला बरं वाटतं. पण साध्या किटमध्ये हुंगायची रसायनं सापडतच नाहीत, दारूचा मागमूस काही तासांत जातो, आणि गांजा मात्र नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही दिसू शकतो. म्हणजे सुट्टीत ओढून सोडलेला सापडतो आणि सकाळी थिनर हुंगून आलेला सुटतो. शिवाय खसखस आणि खोकल्याच्या काही औषधांनी चुकीचा पॉझिटिव्ह येतो, प्रयोगशाळेत पक्की खात्री केल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१५ मध्ये शाळांमधल्या सरसकट टेस्टिंगला विरोधच केला. टेस्ट डॉक्टरांनी उपचाराचा भाग म्हणून करावी, शाळेने पकडापकडीसाठी नको.

१०. शिक्षा

शिक्षा नकोच असं मी म्हणत नाही. नियम मोडला तर परिणाम हवा, तो आधी सांगितलेला, लहान, लगेच होणारा आणि सगळ्यांना सारखा हवा. घरी बसवण्याऐवजी शाळेतच वेगळ्या खोलीत अभ्यास, काही काळ खेळाच्या टीममधून बाहेर, काउन्सेलरकडे हजेरी बंधनकारक, असं काही. प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करून नाव घेणं, वर्गाच्या ग्रुपवर टाकणं, मारणं, हे सगळं बाद.

विकणाऱ्या टोळीचा संबंध असेल तर मात्र शाळेने शहाणपणा करायचा नाही, ते काम पोलिसांचं.

११. बाकीच्या मुलांसाठी काय

प्रतिबंध म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं: काळ्या फुफ्फुसाचे फोटो, गणवेशातला पोलीस, आणि व्यासपीठावर "मी कसा बरबाद झालो" सांगणारे गृहस्थ. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१८ मध्ये काढलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमक्या अशाच गोष्टी, म्हणजे भीती दाखवणं, नुसतं भाषण, माजी व्यसनींचं अनुभवकथन, निष्फळ म्हणून नोंदवल्यात. लॉस एंजेलिसला १९८३ मध्ये सुरू झालेला डेअर नावाचा कार्यक्रम, पोलीस वर्गात येऊन शिकवायचे, प्रचंड लोकप्रिय झाला, पण १९९४ मध्ये अभ्यास एकत्र करून बघितले तर मुलांच्या नशेवर त्याचा परिणाम नगण्य निघाला. तरी आपण अजून तेच करतोय.

काम कशाने होतं? लहान इयत्तांमध्ये नशेचं नावही न काढता वर्गात शिस्त आणि एकमेकांशी वागणं शिकवण्याने होतं. १९६९ मध्ये मांडलेला गुड बिहेवियर गेम हा पहिलीच्या वर्गांसाठीसुद्धा वापरला जातो, मुलांचे गट करायचे आणि गटाने नियम पाळले तर गटाला बक्षीस, एवढंच. बॉल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात तो खेळलेली मुलं विशीत पोचल्यावर तपासली तेव्हा, विशेषतः आधी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, व्यसनाचं प्रमाण कमी दिसलं. मोठ्या मुलांसाठी नकार द्यायचा सराव, तोही नाटक करून, प्रत्यक्ष तोंडातून वाक्य काढायला लावून. आणि "सगळेच करतात" हा समज मोडणं, कारण मुलं आपल्या वर्गात किती जण घेतात याचा अंदाज बहुतेक वेळा फुगवून सांगतात. निनावी सर्व्हे घ्या आणि खरा आकडा त्यांनाच दाखवा. निनावी म्हणजे खरंच निनावी, हस्ताक्षर ओळखणारा वर्गशिक्षक पेपर गोळा करणार असेल तर सोडून द्या.

आइसलंडचं उदाहरण सगळे देतात, मीही देते. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारूने झिंगल्याचं सांगत होती, २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी संध्याकाळच्या वेळेला खेळ, संगीत, क्लब यांनी भरलं, पालकांना संघटित केलं, आणि दर वर्षी सर्व्हे घेऊन निकाल शाळेला परत दिला. शाळेच्या पातळीवर यातलं एक तरी जमतं: सुटल्यानंतर मैदान आणि एक खोली उघडी ठेवणं.

एक सापळा इथेही आहे. "धोक्यातल्या" सगळ्या मुलांना एकत्र गोळा करून त्यांचा खास गट करू नका. एकमेकांना किस्से सांगत ती आणखी बिघडतात, असं संशोधनात दिसलंय आणि स्टाफरूममध्ये कोणालाही विचारा.

१२. मूल परत आल्यावर

उपचार किंवा निलंबनानंतर मूल शाळेत येतं तो पहिला दिवस कोणी ठरवून आखत नाही. आदल्या दिवशी अर्धा तास बसा: बुडालेला अभ्यास कसा भरायचा, गोळी चालू असेल तर शाळेत कोण देणार, वर्गात कोणी चिडवलं तर कोणाकडे जायचं, तलफ आली तर वर्गातून बाहेर यायला कुठला इशारा. वर्गशिक्षकाला जेवढं लागतं तेवढंच सांगा.

पुन्हा घेतलं तर? बहुतेक जण कधी ना कधी घसरतात. त्यासाठीही आधीच ठरवा, म्हणजे पहिल्या घसरणीला "आम्ही एवढं केलं आणि हा असा" हे नाटक होत नाही. कधी घेतलं, त्याआधी काय झालं होतं, यावेळी स्वतःहून सांगितलं का, एवढं विचारा, काउन्सेलरला कळवा, उपचाराची तारीख अलीकडे आणा. स्वतःहून सांगणाऱ्याला आणि पकडलेल्याला वेगळी वागणूक द्या, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

सुरुवातीला दर आठवड्याला पाच मिनिटं, मग पंधरवड्याने, मग महिन्याने भेट, आणि प्रत्येक भेटीची दोन ओळींची नोंद. ही नोंद मुलाच्या नेहमीच्या फाईलमध्ये जात नाही, ती कुलपातल्या कपाटात वेगळी राहते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं अक्षरही येता कामा नये. नव्या शाळेला कळवायचं असेल तर मुलाची आणि पालकांची लेखी संमती घेऊन, फक्त तिथल्या काउन्सेलरला, आणि तुमची बदली होणार असेल तर कपाटाची किल्ली कोणाला दिली त्याची सही घ्यायला विसरू नका.